व्यावसायिक कुस्ती व कुंग फू चित्रपटांचा चाहतावर्ग

व्यावसायिक कुस्ती आणि अभिजात कुंग फू चित्रपट या मनोरंजनाच्या दोन प्रकारांभोवती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका, जपान, ब्रिटन व इतर देशांत एकमेकांत मिसळलेला एक चाहतावर्ग तयार झाला. हे दोन्ही प्रकार स्वतंत्रपणे वाढले. पहिल्याचे मूळ अमेरिका व युरोपातील जत्रा आणि रंगमंचीय खेळांत आहे, तर दुसऱ्याचे हाँगकाँगमधील चित्रपटनिर्मितीत. दोहोंत लढतीचा निकाल आधी ठरलेला असतो. मात्र ती सादर करणाऱ्यांचे शारीरिक कसब, वर्षानुवर्षांचे प्रशिक्षण आणि होणाऱ्या इजा खऱ्या असतात. हे ठाऊक असूनही, किंबहुना ते ठाऊक असल्यामुळेच, या खेळांत रस घेणे हे या चाहतावर्गाचे प्रमुख लक्षण मानले जाते. निर्मात्यांनी व दूरचित्रवाणी वाहिन्यांनी ज्या काळात जुन्या लढती व चित्रपट यांच्याकडे दुर्लक्ष केले, त्या काळात या चाहत्यांनी खाजगी ध्वनिचित्रफितींद्वारे त्यांचा प्रसार केला. त्यामुळे या दोन्ही कलाप्रकारांच्या पुढील वाटचालीवर त्यांचा प्रत्यक्ष परिणाम झाला.

पार्श्वभूमी

व्यावसायिक कुस्ती

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील फिरत्या जत्रांमध्ये मल्ल प्रेक्षकांना आव्हान देत आणि पैजेवर कुस्त्या लावत. याच वातावरणात लढती आधी ठरवून खेळण्याची पद्धत रुजली. फ्रँक गॉच व जॉर्ज हॅकेनश्मिट यांच्या १९०८ व १९११ साली शिकागो येथे झालेल्या लढतींनी कुस्तीला मोठी लोकप्रियता मिळवून दिली. तथापि, खऱ्या कुस्त्या अनेकदा तासन्‌तास चालत व प्रेक्षकांना कंटाळवाण्या वाटत. १९२०च्या दशकात एड ‘स्ट्रँगलर’ लुइस, बिली सँडो व टूट्स माँट या त्रयीने कुस्तीला वेळेची मर्यादा, आकर्षक डावपेच आणि पुढील लढतीची उत्सुकता वाढवणारी कथानके यांची जोड दिली. आजच्या व्यावसायिक कुस्तीचा साचा बऱ्याच अंशी या बदलांतून घडला.

१९४८ मध्ये आयोवा राज्यातील वॉटर्लू येथे नॅशनल रेसलिंग अलायन्सची स्थापना झाली. या संघटनेने देशाची प्रादेशिक क्षेत्रांत विभागणी केली व प्रत्येक क्षेत्र एका आयोजकाकडे सोपवले. त्याच सुमारास दूरचित्रवाणीचा प्रसार सुरू झाला. एकच कक्ष, एकच रिंगण आणि मोजके कॅमेरे एवढ्यावर कुस्तीचे प्रक्षेपण होऊ शकत असल्याने नव्या वाहिन्यांनी तिला भरपूर वेळ दिला. कुरळे सोनेरी केस व झगमगीत झगे मिरवणारे ‘गॉर्जस’ जॉर्ज हे मल्ल या माध्यमाचे आरंभीचे मोठे आकर्षण ठरले.

कुंग फू चित्रपट

हाँगकाँगमध्ये १९४९ साली लोकनायक व वैद्य वाँग फेइ-हुंग यांच्या जीवनावरील चित्रपटमालिका सुरू झाली. तीत क्वान ताक-हिंग यांनी सत्तरहून अधिक चित्रपटांत नायकाची भूमिका केली. शिह किएन हे या मालिकेतील नेहमीचे खलनायक होते. पुढे १९७३ च्या ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये ब्रूस ली यांच्यासमोरचा खलनायक हान त्यांनीच रंगवला.

रन रन शॉ यांनी १९५८ मध्ये हाँगकाँगमध्ये शॉ ब्रदर्स कंपनीची उभारणी केली आणि क्लिअरवॉटर बे येथे स्वतंत्र चित्रनगरी वसवली. दिग्दर्शक किंग हू यांचा ‘कम ड्रिंक विथ मी’ (१९६६) आणि चांग चे यांचा ‘द वन-आर्म्ड स्वोर्ड्‌समन’ (१९६७) यांनी तलवारबाजीच्या चित्रपटांना नवे वळण दिले. १९७० मध्ये रेमंड चाऊ यांनी शॉ ब्रदर्समधून बाहेर पडून गोल्डन हार्वेस्ट ही कंपनी काढली. ब्रूस ली यांचे ‘द बिग बॉस’ (१९७१) व ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ (१९७२) हे चित्रपट या कंपनीचे होते.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात लाऊ कार-लेउंग यांनी या प्रकाराला अधिक शास्त्रशुद्ध रूप दिले. ते हुंग गार शैलीच्या परंपरेतील होते. त्यांचे वडील लाऊ चाम हे वाँग फेइ-हुंग यांचे शिष्य लाम साइ-विंग यांच्याकडे शिकले होते. लाऊ कार-लेउंग यांच्या ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ (१९७८) या चित्रपटाचा मोठा भाग केवळ नायकाच्या प्रशिक्षणाला वाहिलेला आहे. गॉर्डन लिऊ यांनी साकारलेला सान ते हा तरुण भिक्षू मठातील पस्तीस कक्षांत शिकतो, आणि मठाबाहेरील सामान्य लोकांना ही विद्या शिकवण्यासाठी छत्तिसावा कक्ष सुरू करतो. त्याच वर्षी युएन वू-पिंग दिग्दर्शित व जॅकी चॅन अभिनीत ‘ड्रंकन मास्टर’ प्रदर्शित झाला. त्यातून विनोदी कुंग फू चित्रपटांची लाट आली.

साम्यस्थळे

ठरलेला निकाल व खरे कष्ट

व्यावसायिक कुस्तीतील लढती, वैरे व व्यक्तिरेखा खऱ्याच आहेत असे प्रेक्षकांसमोर कायम भासवण्याच्या संकेताला ‘केफेब’ म्हणतात. हा शब्द जत्रांमधील सांकेतिक बोलीतून आला असे मानले जाते. अनेक दशके मल्ल सार्वजनिक ठिकाणीही हा संकेत पाळत. रिंगणातील वैऱ्यांनी एकत्र प्रवास करू नये, एकत्र जेवू नये अशी अपेक्षा असे.

फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) या ग्रंथातील एका निबंधात या कुस्तीचे विवेचन केले आहे. त्यांच्या मते व्यावसायिक कुस्ती हा खेळ नसून देखावा आहे. लढत ठरलेली आहे की नाही याच्याशी प्रेक्षकाला कर्तव्य नसते, आणि मल्लाचे काम जिंकणे हे नसून आपल्याकडून अपेक्षित असलेले हावभाव पूर्णत्वाने करणे हे असते. वेदना, पराभव आणि न्याय यांचे सर्वांना वाचता येईल असे रूप तो समोर ठेवतो. बार्थ यांचे हे विवेचन कुंग फू चित्रपटांनाही बऱ्याच अंशी लागू पडते. तेथेही नायक अखेरीस जिंकणार हे ठाऊक असते. चाहत्याचे लक्ष असते ते हात, पाय व शस्त्र यांच्या गतीकडे, दोन नटांच्या परस्परविश्वासाकडे आणि कॅमेरा न थांबता किती हालचाली सलग टिपल्या आहेत याकडे.

नायक व खलनायक

कुस्तीत सज्जन मल्लाला ‘फेस’ आणि दुष्ट मल्लाला ‘हील’ म्हणतात. सामान्यतः लढतीची गती हील ठरवतो व फेसच्या पुनरागमनासाठी भूमी तयार करतो. त्यामुळे जाणकार चाहते चांगल्या हीलला विशेष मान देतात. कुंग फू चित्रपटांतही खलनायकाचे कसब नायकाच्या तोडीचे नसेल तर अंतिम लढत फिकी पडते. त्यामुळे शिह किएन व लो लिएह यांसारख्या नटांना चाहत्यांमध्ये नायकांइतकीच प्रतिष्ठा आहे.

प्रशिक्षण

जॅकी चॅन, सामो हुंग व युएन बियाओ यांचे बालपण हाँगकाँगमधील यू जिम-युएन यांच्या पेकिंग ऑपेरा शाळेत गेले. तेथे उड्या, कसरती, गायन व शस्त्रे यांचे कठोर शिक्षण दिले जाई. व्यावसायिक मल्लालाही प्रथम पडायला शिकावे लागते. पाठीवर आपटताना आघात शरीरभर विभागला जावा, मान सुरक्षित राहावी आणि प्रतिस्पर्ध्याला इजा होऊ नये यासाठी हा सराव महिनोन्‌महिने चालतो. दोन्ही क्षेत्रांत जोडीदाराला सांभाळणे हे मूलभूत कौशल्य मानले जाते.

चाहतावर्गाचा उदय

चित्रपटगृहे व शनिवारची दूरचित्रवाणी

मार्च १९७३ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने शॉ ब्रदर्सचा ‘किंग बॉक्सर’ हा चित्रपट ‘फाइव्ह फिंगर्स ऑफ डेथ’ या नावाने अमेरिकेत प्रदर्शित केला. कोरियन दिग्दर्शक जाँग चांग-ह्वा यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात लो लिएह प्रमुख भूमिकेत होते. त्याच्या यशानंतर काही महिन्यांतच अनेक हाँगकाँग चित्रपट अमेरिकेत आले. २० जुलै १९७३ रोजी ब्रूस ली यांचे हाँगकाँगमध्ये निधन झाले आणि ऑगस्टमध्ये ‘एंटर द ड्रॅगन’ अमेरिकेत झळकला. न्यू यॉर्कच्या ४२व्या रस्त्यावरील स्वस्त चित्रपटगृहांत असे दोन-तीन चित्रपट एकाच तिकिटात दाखवले जात.

या चित्रपटांना आफ्रिकी-अमेरिकी व लॅटिनो वस्त्यांत विशेष प्रेक्षक लाभले. पाश्चात्त्य सत्ताधारी, भ्रष्ट अधिकारी किंवा परकीय आक्रमक यांच्याविरुद्ध केवळ स्वतःच्या शरीरबळावर उभा राहणारा गौरेतर नायक तत्कालीन हॉलिवूडमध्ये दुर्मीळ होता. इतिहासकार विजय प्रसाद यांनी २००१ साली प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथात आफ्रिकी व आशियाई समाजांतील या सांस्कृतिक दुव्याची मांडणी केली आहे. मार्व्हल कॉमिक्समधील ‘आयर्न फिस्ट’ (१९७४) ही व्यक्तिरेखाही ‘फाइव्ह फिंगर्स ऑफ डेथ’पासून स्फूर्ती घेऊन निर्माण झाली.

१९८०च्या दशकाच्या आरंभी वर्ल्ड नॉर्थल या वितरण कंपनीने शॉ ब्रदर्सचे चित्रपट अमेरिकी दूरचित्रवाणी केंद्रांना पुरवले. न्यू यॉर्कच्या पाचव्या वाहिनीवर शनिवारी दुपारी ते दाखवले जात. अनेक शहरांत स्थानिक कुस्तीचे कार्यक्रमही शनिवारीच होत असल्याने एकाच पिढीतील मुलांना दोन्हींची गोडी एकाच वेळी लागली. हाँगकाँगमध्ये त्या काळी बहुतेक चित्रपट ध्वनिमुद्रणाविना चित्रित होत व संवाद नंतर भरले जात. इंग्रजी संवाद हाँगकाँगमध्ये राहणाऱ्या इंग्रजीभाषकांचा एक लहान गट देत असे. त्यामुळे वेगवेगळ्या चित्रपटांत तेच ते आवाज ऐकू येत. या आवाजांची विशिष्ट ढब चाहत्यांच्या आवडीचा भाग बनली.

वू-टँग क्लॅन

चाहत्याच्या आवडीतून नवी कलानिर्मिती झाल्याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे न्यू यॉर्कच्या स्टॅटन आयलंड भागातील ‘वू-टँग क्लॅन’ हा हिपहॉप संगीतसमूह. त्याचे प्रवर्तक रिझा हे लहानपणापासून कुंग फू चित्रपटांचे चाहते होते. समूहाचे नाव ‘शाओलिन अँड वू टँग’ या चित्रपटावरून घेतले आहे. नोव्हेंबर १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या ध्वनिसंग्रहाच्या नावातच ‘छत्तीस कक्षां’चा उल्लेख असून गीतांमध्ये चित्रपटांतील इंग्रजी संवादांचे तुकडे वापरले आहेत. समूहातील मास्टा किला व गोस्टफेस किला यांची नावेही कुंग फू चित्रपटांवरून पडली. ‘मास्टर किलर’ हे ‘थर्टी-सिक्स्थ चेंबर’चे अमेरिकेतील नाव होते.

रिझा यांनी पुढे क्वेंटिन टॅरंटिनो यांच्या ‘किल बिल’ (२००३) या चित्रपटाच्या संगीतात सहभाग घेतला. शॉ ब्रदर्सच्या जुन्या बोधचिन्हाने सुरू होणाऱ्या या चित्रपटाच्या दोन भागांत गॉर्डन लिऊ यांनी दोन निरनिराळ्या भूमिका केल्या. २०१२ मध्ये रिझा यांनी स्वतः ‘द मॅन विथ द आयर्न फिस्ट्स’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात एका बाजूस गॉर्डन लिऊ व चेन कुआन-ताई हे शॉ ब्रदर्सचे जुने नट आणि दुसऱ्या बाजूस व्यावसायिक मल्ल डेव्ह बटिस्टा यांना त्यांनी एकत्र आणले.

ध्वनिचित्रफितींची देवाणघेवाण

१९८०च्या दशकात घरगुती ध्वनिचित्रफीत यंत्रे स्वस्त झाल्यानंतर चाहत्यांमध्ये फितींची देवाणघेवाण सुरू झाली. अमेरिकेतील चाहता आपल्या भागातील कुस्तीचे कार्यक्रम मुद्रित करून टपालाने जपानमधील चाहत्याला पाठवी व बदल्यात तेथील लढती मागवी. प्रत्येक नव्या प्रतीगणिक चित्र अधिक धूसर होत असल्याने मूळ मुद्रणाच्या जवळची प्रत मौल्यवान समजली जाई. याच सुमारास डेव्ह मेल्टझर यांचे ‘रेसलिंग ऑब्झर्व्हर’ हे वार्तापत्र नियमित निघू लागले. त्यात लढतींचे तारांकित मूल्यमापन, पडद्यामागील व्यवहार आणि प्रेक्षकसंख्या यांची माहिती असे. कुस्ती खरी मानणाऱ्या प्रेक्षकाला आयोजकांच्या बोलीत ‘मार्क’ म्हणत. अंतर्गत माहिती असलेल्याला ‘स्मार्ट’ म्हणत. वार्तापत्रांमुळे या दोहोंतील सीमारेषा पुसट झाली.

कुंग फू चित्रपटांबाबतही असेच घडले. शॉ ब्रदर्सने १९८०च्या दशकाच्या मध्यास चित्रपटनिर्मिती जवळजवळ थांबवून दूरचित्रवाणीकडे लक्ष वळवले व जुने चित्रपट दीर्घकाळ गोदामात पडून राहिले. पाश्चात्त्य देशांतील चाहत्यांना ते चायनाटाउनमधील दुकानांतून, दूरचित्रवाणीवरून केलेल्या मुद्रणांतून किंवा ब्रिटनमधील ‘ईस्टर्न हीरोज’सारख्या चाहत्यांच्या नियतकालिकांच्या आधारे शोधावे लागत. एकाच चित्रपटाला चार-पाच इंग्रजी नावे, कापलेली दृश्ये आणि बदललेली श्रेयनामावली यांमुळे कोणता चित्रपट कोणाचा हे ठरवण्याचे कामही प्रथम चाहत्यांनीच केले.

या देवाणघेवाणीचा परिणाम रिंगणातही दिसला. १९९०च्या दशकात फिलाडेल्फिया येथील एक्स्ट्रीम चॅम्पियनशिप रेसलिंग या लहान कंपनीच्या प्रेक्षकांत फिती गोळा करणाऱ्यांचे प्रमाण मोठे होते. मेक्सिकोचे रे मिस्टेरिओ ज्युनियर व सिकोसिस यांची लढत १९९५ मध्ये तेथे झाली, तेव्हा अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांना अपरिचित असलेली ही शैली प्रेक्षकांतील अनेकांना आधीच ठाऊक होती. पुढच्याच वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंगने हलक्या वजनाच्या मल्लांचा स्वतंत्र विभाग सुरू केला व त्यात मेक्सिको आणि जपानच्या मल्लांना स्थान दिले.

परस्परप्रभाव

दोन्ही क्षेत्रांतील संबंध केवळ प्रेक्षकांपुरते मर्यादित नाहीत. कराटेचे शिक्षक मासुतात्सू ओयामा यांनी १९५२ मध्ये अमेरिकेत व्यावसायिक मल्लांसोबत दौरा करून प्रात्यक्षिके दाखवली. ज्यूदोपटू, व्यावसायिक मल्ल व कसरतपटू जीन लबेल यांची ब्रूस ली यांच्याशी ‘द ग्रीन हॉर्नेट’ (१९६६–६७) या मालिकेच्या वेळी ओळख झाली व दोघांनी आपापल्या विद्यांची देवाणघेवाण केली. २६ जून १९७६ रोजी टोकियो येथे मुष्टियोद्धा मुहम्मद अली व मल्ल आंतोनियो इनोकी यांच्यात झालेल्या लढतीचे पंच लबेलच होते. या लढतीत इनोकी यांनी बहुतांश वेळ जमिनीवर पडून अली यांच्या पायांवर लाथा मारल्या. ती बरोबरीत सुटली. त्या वेळी निराशाजनक ठरलेली ही लढत आज मिश्र युद्धकलांच्या इतिहासातील एक टप्पा मानली जाते.

जपानचे मल्ल सातोरू सायामा हे ब्रिटनमध्ये ‘सॅमी ली’ या नावाने खेळत व ब्रूस ली यांचे नातलग म्हणून त्यांची जाहिरात केली जाई. २३ एप्रिल १९८१ रोजी त्यांनी टोकियोत ‘टायगर मास्क’ या मुखवटाधारी रूपात ब्रिटिश मल्ल डायनामाइट किड यांच्याविरुद्ध पदार्पण केले. ही व्यक्तिरेखा मूळ इक्की काजिवारा यांच्या कथेवरील जपानी चित्रकथेतील होती. लाथांचा वेग, उड्या व कुस्तीचे डाव यांच्या मिश्रणामुळे या दोघांच्या लढती फितींच्या वर्तुळात अत्यंत गाजल्या. योशिहिरो असाई यांनी मेक्सिकोमध्ये ‘उल्तिमो ड्रॅगन’ हे नाव घेतले, तेव्हा ते ब्रूस ली यांचे अखेरचे शिष्य असल्याची कथा रचण्यात आली. प्रत्यक्षात ली यांच्या निधनसमयी असाई लहान बालक होते.

मेक्सिकोत कुस्ती व चित्रपट यांचे नाते याहून जुने आहे. मुखवटाधारी मल्ल एल सांतो यांनी पन्नासहून अधिक चित्रपटांत स्वतःचीच भूमिका केली. फेब्रुवारी १९८४ मध्ये निधनानंतर त्यांचे दफन मुखवट्यासह करण्यात आले. दुसरीकडे, ऑस्ट्रेलियाचे मल्ल नेथन जोन्स यांनी जेट ली यांच्या ‘फिअरलेस’ (२००६) या चित्रपटात परदेशी मल्लाची भूमिका केली.

भारत व महाराष्ट्र

भारतात व्यावसायिक कुस्ती ‘फ्रीस्टाइल’ या नावाने ओळखली गेली. ऑलिंपिकमधील फ्रीस्टाइल कुस्तीशी तिचा संबंध नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते खऱ्या स्पर्धात्मक फ्रीस्टाइल कुस्तीत. नावातील या सारखेपणामुळे मराठी वाचकांत दोहोंबाबत गल्लत होताना दिसते.

पंजाबचे दारा सिंग हे भारतातील या प्रकाराचे सर्वांत लोकप्रिय मल्ल होते. मूळचे हंगेरीचे एमिल चाया ऊर्फ किंग काँग यांच्याशी त्यांच्या लढती गाजल्या. मुंबईत वरळी येथील वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये त्यांच्या कुस्त्यांना मोठी गर्दी होत असे. बाबुभाई मिस्त्री दिग्दर्शित ‘किंग काँग’ (१९६२) या हिंदी चित्रपटाने त्यांना नायकपद दिले आणि त्यानंतर पौराणिक व साहसी चित्रपटांची मालिकाच सुरू झाली. दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिकेतील हनुमानाच्या भूमिकेमुळे ते पुढील पिढीसही परिचित झाले. १२ जुलै २०१२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रात मातीतील कुस्तीची बलशाली परंपरा असल्याने ठरवून केलेल्या कुस्तीकडे संशयाने पाहिले जाते. कोल्हापूरच्या खासबाग मैदानावर किंवा महाराष्ट्र केसरी स्पर्धेत कुस्ती ‘निकाली’ व्हावी ही प्रेक्षकांची मूळ अपेक्षा असते. संगनमताने केलेल्या लढतीला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. हा शब्दप्रयोग मराठी वृत्तपत्रांत राजकीय पक्षांच्या लुटुपुटुच्या भांडणांसाठीही सर्रास वापरला जातो. नुरा कुस्तीत प्रेक्षकाची फसवणूक होते, कारण तेथे तो खरी लढत पाहण्यासाठी आलेला असतो. व्यावसायिक कुस्तीच्या आजच्या चाहत्याला मात्र निकाल ठरलेला असल्याची पूर्ण कल्पना असते. या दोहोंतील भेद समजून घेतल्याशिवाय या चाहतावर्गाचे आकलन होत नाही.

१९९०च्या दशकात केबल दूरचित्रवाणीमुळे अमेरिकी कुस्ती भारतीय घरांत पोहोचली. शाळकरी मुलांमध्ये मल्लांची उंची, वजन व क्रमवारी छापलेले पत्ते खेळण्याची टूम होती. १९९६ च्या ‘खिलाडियों का खिलाडी’ या हिंदी चित्रपटात अक्षय कुमार ‘अंडरटेकर’शी लढताना दिसतात. ही भूमिका अमेरिकी मल्ल ब्रायन ली यांनी केली होती. अनेक प्रेक्षक मात्र पडद्यावर मूळ अंडरटेकर मार्क कॅलवे हेच आहेत असे समजत. याच अक्षय कुमार यांच्या ‘चांदनी चौक टू चायना’ (२००९) मध्ये गॉर्डन लिऊ खलनायक होते. त्यापूर्वी मिथुन चक्रवर्ती यांचा ‘कराटे’ (१९८३) हा चित्रपट आशियाई युद्धकलांच्या लाटेत आला होता. जुलै २००७ मध्ये हिमाचल प्रदेशचे दलिपसिंग राणा ऊर्फ द ग्रेट खली यांनी वर्ल्ड रेसलिंग एंटरटेनमेंटचे जागतिक हेवीवेट विजेतेपद मिळवले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत.

केफेबचा अंत व टीका

१९८९ मध्ये वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनने न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे आपले कार्यक्रम क्रीडास्पर्धा नसून मनोरंजन असल्याचे मान्य केले. क्रीडा आयोगाच्या नियमनातून व करातून सूट मिळवणे हा त्यामागील हेतू होता. १९ मे १९९६ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वैरी म्हणून सादर होणाऱ्या चार मल्लांनी लढतीनंतर एकमेकांना उघडपणे आलिंगन दिले. हा प्रसंग अधिकृतरीत्या चित्रित झाला नव्हता. तो एका प्रेक्षकाने लपवून नेलेल्या कॅमेऱ्यामुळे टिकून राहिला.

‘सगळे खोटे असते’ हा या मनोरंजनावरील नेहमीचा आक्षेप आहे. तथापि, अधिक गंभीर टीका त्यातील खऱ्या इजांविषयी आहे. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटी येथे छतावरून दोराने उतरण्याच्या प्रवेशादरम्यान ओवेन हार्ट उंचावरून कोसळून मृत्यू पावले. डायनामाइट किड यांना पाठीच्या दुखापतींमुळे आयुष्याची अखेरची वर्षे चाकांच्या खुर्चीत काढावी लागली. जपानचे मित्सुहारू मिसावा १३ जून २००९ रोजी हिरोशिमा येथे लढतीत पाठीवर आपटले गेल्यानंतर मरण पावले. जॅकी चॅन यांना ‘आर्मर ऑफ गॉड’च्या चित्रीकरणात युगोस्लाव्हियामध्ये झाडावरून पडून कवटीला गंभीर दुखापत झाली. त्यांच्या चित्रपटांच्या अखेरीस फसलेल्या कसरतींची दृश्ये दाखवली जातात. त्यांतून धोक्याची जाणीव होते, तसेच त्या धोक्याचे आकर्षणही वाढते.

अधिक जोखमीच्या डावांना अधिक तारे व टाळ्या देणारा जाणकार चाहता या इजांना अंशतः जबाबदार आहे काय, हा प्रश्न या वर्तुळातच वारंवार चर्चिला जातो. डायनामाइट किड व मिसावा या दोघांच्याही लढती चाहत्यांच्या मूल्यमापनात अग्रस्थानी होत्या. मेंदूला बसणाऱ्या धक्क्यांविषयी जागृती वाढल्यानंतर डोक्यावर खुर्ची मारण्यासारखे प्रकार मोठ्या कंपन्यांनी बंद केले, आणि काही जुन्या लढतींकडे पाहण्याची चाहत्यांची दृष्टीही बदलली.

जतन व संग्रह

प्रादेशिक कुस्ती कार्यक्रमांच्या अनेक फिती खर्च वाचवण्यासाठी पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. त्यामुळे काही लढतींची केवळ चाहत्यांनी घरी केलेली मुद्रणे उपलब्ध आहेत. वर्ल्ड रेसलिंग एंटरटेनमेंटने २००१ मध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली व पुढे इतर कंपन्यांचे संग्रहही मिळवले. २०१४ मध्ये तिने ते आंतरजालावरून सशुल्क उपलब्ध करून दिले.

शॉ ब्रदर्सच्या साडेसातशेहून अधिक चित्रपटांचे हक्क २००० साली सेलेस्टियल पिक्चर्स या कंपनीने घेतले व डिसेंबर २००२ पासून त्यांच्या पुनर्संस्कारित आवृत्त्या डीव्हीडीवर येऊ लागल्या. चित्रांच्या स्वच्छतेचे स्वागत झाले. परंतु मूळ एकमार्गी ध्वनीऐवजी अनेक ठिकाणी नवे ध्वनिपरिणाम जोडल्याबद्दल आणि जुने इंग्रजी संवाद वगळल्याबद्दल चाहत्यांनी नाराजी व्यक्त केली. त्यानंतरच्या काही पाश्चात्त्य प्रकाशनांत मूळ ध्वनी व जुने इंग्रजी संवाद दोन्ही देण्यात येऊ लागले.

हे सुद्धा पहा

ब्रूस ली
शॉ ब्रदर्स
गॉर्डन लिऊ
दारा सिंग
खाशाबा जाधव
महाराष्ट्र केसरी
वर्ल्ड रेसलिंग एंटरटेनमेंट
वू-टँग क्लॅन